टायरचं माप बदलण्याआधी कागदावर करायचा हिशेब

तीन वर्षांपूर्वी वैशाखात एका लग्नासाठी आम्ही लातूरहून बीडला निघालो होतो. गाडीत मी, बायको, दोन लेकरं, सासूबाई. डिकी आहेराच्या पिशव्यांनी गच्च. आदल्याच आठवड्यात मी चारही टायर बदलले होते. गाडीचं मूळ माप १८५/६५ आर १५. दुकानात म्हणाले, "भाऊ, दोनशे पाच टाका. गाडी उचलून येईल, खाली लागणार नाही, अन् दिसायला बी भरल्यासारखी दिसेल." गावाकडच्या रस्त्यावर माझ्या गाडीचं पोट घासायचं. "उचलून येईल" एवढं कानावर पडलं आणि मी हो म्हणून बसलो. २०५/६५ आर १५ बसवून घेतले.

केजपर्यंत काही जाणवलं नाही. मांजरसुंब्याच्या घाटात वळण आलं की मागच्या उजव्या चाकातून खर्र आवाज यायला लागला. नंतर रबर जळल्याचा वास. गाडी कडेला घेऊन वाकून पाहिलं तर टायरच्या खांद्यावर बोटभर रुंद पट्टा घासून निघालेला, आणि मडगार्डच्या आतल्या पत्र्याची कड चकचकीत झालेली. त्या चाकाच्या बरोबर वर लेकरं बसलेली होती. उरलेला रस्ता मी वीस-पंचवीसच्या वेगानं काढला.

रात्री लग्नघरी एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर मी आकडे मांडले. पाच मिनिटांचं गणित होतं आणि त्यात सगळं स्पष्ट दिसत होतं. ते गणित दुकानात जाण्याआधी करायचं असतं. त्यानंतर नातेवाइकांच्या, मित्रांच्या बऱ्याच गाड्यांसाठी मी ते करून दिलं आहे. तेच इथं पूर्ण मांडतो आहे.

सुरुवात दाराच्या स्टिकरपासून

ड्रायव्हरचं दार उघडा. दार जिथं टेकतं त्या खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. मापं दोन असली तर दोन्ही उतरवून घ्या. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलात तर उत्तम.

आत्ता गाडीला जे टायर आहेत त्यांच्यावरून मूळ माप ठरवू नका. आपल्याकडं निम्म्याहून अधिक लोक जुनी गाडी घेतात, आणि आधीच्या मालकानं काय बसवलं होतं ते आपल्याला ठाऊक नसतं. माझ्या मावसभावाची गाडी अशीच होती. त्याच्या चार टायरवर दोन वेगळी मापं निघाली. तो दोन वर्षं गाडी तशीच चालवत होता आणि "गाडी एका बाजूला ओढते" म्हणून दर तीन महिन्यांनी अलाइनमेंट करत होता.

स्टिकर फाटला असेल तर गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल पाहा. तेही नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर सांगून विचारा.

टायरवरचे आकडे काय सांगतात

ट्रॅक्टरवाल्या घरातल्या माणसाला १३.६-२८ हे माप तोंडपाठ असतं. तिथं दोन्ही आकडे इंचात असतात: टायर १३.६ इंच रुंद, रिम २८ इंचाची. कारच्या टायरवर मात्र तीन प्रकारचे आकडे एका ओळीत येतात, म्हणून गोंधळ होतो. १८५/६५ आर १५ ८८ एच घेऊ.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ही रुंदी फुगलेल्या टायरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची असते. रस्त्याला टेकणारी नक्षी त्यापेक्षा थोडी अरुंद असते.

६५ हे माप नसून टक्के आहेत, आणि सगळे इथंच चुकतात. टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साईडवॉलची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ. म्हणून १८५ चा ६५ आणि २०५ चा ६५ सारखे नाहीत. रुंदी वाढवून ६५ तसेच ठेवले की टायर आपोआप उंचही होतो. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं.

आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ८८ हा भाराचा निर्देशांक आणि एच हे वेगाचं अक्षर. या दोघांकडं पुढं येतो.

जुन्या व्हॅनच्या किंवा छोट्या मालवाहू गाड्यांच्या टायरवर मधला टक्क्यांचा आकडा लिहिलेलाच नसतो. १४५ आर १२ असं सरळ असतं. अशा वेळी तो आकडा साधारण ८० ते ८२ धरायचा.

बाहेरचा व्यास: सगळ्या हिशेबाचं मूळ

टायर बदलताना जे जपायचं ते रिमचं माप नव्हे, रुंदीही नव्हे. जमिनीपासून टायरच्या माथ्यापर्यंतची पूर्ण उंची, म्हणजेच बाहेरचा व्यास जपायचा. गाडीचा गिअर, स्पीडोमीटर, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि मडगार्डमधली मोकळी जागा हे सगळं कंपनीनं त्या व्यासाला धरून ठरवलेलं असतं.

गणित असं. रुंदीला टक्क्यांनी गुणा, म्हणजे साईडवॉलची उंची मिळते. तिची दुप्पट करा, कारण रिमच्या वर एक भिंत आणि खाली एक. रिमच्या इंचांना २५.४ नं गुणून मिलिमीटर करा. दोन्हींची बेरीज म्हणजे व्यास.

१८५/६५ आर १५ साठी: १८५ × ०.६५ = १२०.२५. दुप्पट २४०.५. रिम १५ × २५.४ = ३८१. बेरीज ६२१.५ मिमी.

आता मी बसवलेला २०५/६५ आर १५: २०५ × ०.६५ = १३३.२५. दुप्पट २६६.५. रिम तीच, ३८१. बेरीज ६४७.५ मिमी.

फरक २६ मिमी, म्हणजे ४.२ टक्के. टक्के काढायला फरकाला जुन्या व्यासानं भागून १०० नं गुणायचं.

टायरच्या व्यवसायात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक ही शेवटची मर्यादा धरतात. मी स्वतः २ टक्क्यांच्या आत राहा म्हणून सांगतो. कंपन्यांचे छापील आकडे आणि प्रत्यक्ष माप यांत काही मिलिमीटरांचा फरक असतो, आणि तो कुठल्या दिशेला जाईल ते आधी कळत नाही.

याच गाडीसाठी लोक जी मापं विचारतात ती एकापुढं एक लिहून पाहू:

१९५/६० आर १५ – ६१५ मिमी, १ टक्का कमी
२०५/६० आर १५ – ६२७ मिमी, ०.९ टक्के जास्त
१९५/६५ आर १५ – ६३४.५ मिमी, २.१ टक्के जास्त
१९५/५५ आर १६ – ६२०.९ मिमी, जवळजवळ तेवढाच
१६५/८० आर १४ – ६१९.६ मिमी, ०.३ टक्के कमी

शेवटची ओळ नीट पाहा. १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ ही दोन मापं कागदावर एकमेकांच्या जवळही वाटत नाहीत. रुंदी वेगळी, टक्के वेगळे, रिम वेगळी. तरी व्यासात दोन मिलिमीटरांचाही फरक नाही. २०१८ च्या मारुती स्विफ्टमध्ये खालच्या व्हेरियंटला पहिलं आणि वरच्या व्हेरियंटला दुसरं माप कंपनीनंच दिलं होतं. गिअरबॉक्स तोच, मडगार्ड तेच. कंपनीनं हाच हिशेब केला होता.

एक चूक टाळा. जुना घासलेला टायर टेपनं मोजून त्याच्याशी नव्याचा छापील व्यास ताडू नका. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिमी खोल असते. ती १.६ मिमीपर्यंत घासली की व्यास १२ मिमीनं घटलेला असतो, म्हणजे आपल्या उदाहरणात जवळजवळ २ टक्के. छापील मापाशी छापील मापच ताडायचं.

प्रत्यक्ष खात्री हवी असेल तर खडूनं करता येते. सपाट फरशीवर गाडी उभी करा, टायर जिथं जमिनीला टेकतो तिथं टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या, दुसरी खूण करून मधलं अंतर मोजा. हे अंतर कागदावरच्या परिघापेक्षा थोडं कमी भरतं, कारण वजनानं टायर खाली दबलेला असतो. दोन गाड्यांवरची दोन मापं ताडायला ही रीत फार चांगली आहे.

भार: व्यास जुळूनही जिथं फसगत होते

८८ हा आकडा म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो पेलू शकतो. हे ठरलेलं कोष्टक आहे. टायर कुठल्याही कंपनीचा असो, ते बदलत नाही. आपल्या कामाचे आकडे एवढे: ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०.

मघाशी १९५/५५ आर १६ चा व्यास तंतोतंत जुळला होता. पण या मापाचा साधा टायर बहुधा ८७ चा येतो. म्हणजे व्यासात पास, आणि भारात टायरमागं १५ किलोनं नापास. हेच माप एक्सएल, म्हणजे जास्त मजबूत बांधणीत ९१ चं मिळतं. दुकानात "साइज बरोबर आहे ना" एवढंच विचारलं तर हे कुणी सांगणार नाही. "भार निर्देशांक किती" असं विचारायचं आणि टायरवर बोट ठेवून वाचून घ्यायचं.

चार टायर गुणिले ५६० म्हणजे २२४० किलो, गाडी तर तेवढी नाहीच, असा हिशेब करून निश्चिंत होऊ नका. वजन चार चाकांवर सारखं बसत नाही. मागच्या सीटवर तिघं, डिकीत ज्वारीचं कट्टं, आणि गाडी सीएनजी असेल तर तिचा सिलिंडरही मागंच. आपल्याकडं गावाकडून येणारी गाडी रिकामी येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून भाराचा आकडा स्टिकरवरच्या मापाइतका किंवा जास्त. कमी कधीच नको.

वेगाच्या अक्षरांपैकी एस म्हणजे ताशी १८० किमी, टी १९०, एच २१०, व्ही २४०. "आपण कुठं दोनशेनं जातो" असं म्हणून खालचं अक्षर घेणारे भेटतात. हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचीही साक्ष देतं. मे महिन्यात नांदेड-परभणीकडं पारा ४२-४३ अंशांवर जातो, सिमेंटचा रस्ता त्याहून कितीतरी तापतो, आणि समृद्धी महामार्गावर कार ताशी १२० नं सलग तास-दोन तास धावते. मूळ अक्षर ठेवा किंवा वरचं घ्या.

रिम

रिम बदलणार नसाल तर नवा टायर त्या रिमवर बसतो का, हे पाहायचं. रिमच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्यांच्या मागं ५.५ जे × १५ असं कोरलेलं असतं. पहिला आकडा रिमची रुंदी, इंचात. १८५/६५ आर १५ साठी ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते, २०५/६५ आर १५ साठी ५.५ ते ७.५. म्हणजे ५.५ च्या रिमवर २०५ बसतो, पण अगदी खालच्या टोकाला. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की भिंती आत चेपून वर फुगतात आणि वळणावर गाडी डुलते. मला घाटात आवाजाच्या आधी जाणवला तो हा डोल.

अलॉय नवे घेणार असाल तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास (स्विफ्टला चार नट, १०० मिमी), मधलं हबचं भोक, आणि ईटी नावाचा ऑफसेट, म्हणजे रिमची गाडीला टेकणारी बाजू तिच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे तो आकडा. ईटी ४५ च्या जागी ईटी ३५ बसवला तर चाक १० मिमी बाहेर येतं. बाहेर आलेलं चाक मडगार्डच्या कडेला लागतं आणि बेअरिंगवर जास्त ताण टाकतं. भोक मोठं असेल तर त्यात बसवायची रिंग मिळते, ती घ्यायला विसरू नका.

मडगार्डमधली जागा आणि काळी माती

हा भाग मी जरा रेंगाळून लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही.

२०५ चा टायर १८५ पेक्षा २० मिमी रुंद. ऑफसेट तोच राहिला तर १० मिमी आत जातो, १० मिमी बाहेर येतो. शिवाय व्यास २६ नं वाढला म्हणजे टायरचा माथा १३ मिमी वर जातो. आतल्या बाजूला शॉकअप आणि ब्रेकचा पाइप असतो, वर पत्रा असतो, पुढच्या चाकाला स्टेअरिंग फिरवल्यावर मागचं-पुढचं प्लास्टिकचं अस्तर असतं. या सगळ्यांशी किती अंतर उरतं ते जुना टायर असतानाच मोजा. आतल्या बाजूला बोटं घालून पाहा. एक बोट जेमतेम शिरत असेल तर रुंदी वाढवायचा विचार सोडून द्या.

मोजताना गाडी रिकामी नको. मागं तिघांना बसवा, डिकीत दोन पोती टाका, मग मोजा. पुढचं चाक डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण फिरवून मोजा. माझ्या गाडीत दुकानात रिकामी असताना सगळीकडं जागा होती. पाच माणसं बसल्यावर मागची बाजू खाली बसली आणि घाटातल्या वळणावर एका बाजूला कलली, तेव्हा ती जागा संपली.

आणि मग माती. शेतात जाणारी वाट पावसात भिजली की आपली काळी माती चाकाला धरते. ती वाळूसारखी गळून पडत नाही, थरावर थर चढतो. मूळ टायर आणि अस्तर यांच्यात पुरेशी फट असली की चाक फिरताना ती ढेकळं निघून पडतात. फट अर्धी केली की तीच माती तिथं दाबली जाते आणि ब्रेक मारल्यासारखं चाक जाम होतं. रब्बीच्या पेरणीच्या वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आमच्या गावच्या शिवारात मी एका गाडीचं पुढचं चाक खुरप्यानं मोकळं करताना पाहिलं आहे. रुंद टायर होते. त्याच वाटेनं त्याच दिवशी १६५ च्या टायरची जुनी गाडी निघून गेली. चिखलात अरुंद टायर खाली कापत जातो आणि कडक थर शोधतो, रुंद टायर वर तरंगतो. साचलेल्या पाण्यावरही तसंच. रुंद टायरखालचं पाणी बाजूला सारायला वेळ लागतो, त्यामुळं कमी वेगातही तो पाण्यावर उचलला जातो.

म्हणून मराठवाड्यातल्या मिश्र रस्त्यांवर, म्हणजे आठवडाभर शहर, शनिवार-रविवार गाव, मधूनच महामार्ग, अशा वापराला माझं स्पष्ट मत असं आहे: रुंदी वाढवण्याच्या मागं लागू नका. साईडवॉल जपा. १६५/८० आर १४ ची भिंत १३२ मिमी, १८५/६५ आर १५ ची १२०, १९५/५५ आर १६ ची १०७. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात ही भिंतच असते. ती पातळ झाली की टायरला फुगा येतो, आतले धागे तुटतात, अलॉयला चीर जाते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्यांनी जे रस्ते उखडलेले असतात, तिथं मोठ्या रिमचा शौक महागात पडतो. ज्यांची गाडी फक्त शहरात आणि चारपदरी रस्त्यावर फिरते, वळणावर घट्ट पकड हवी आहे, त्यांनी १६ इंच जरूर घ्यावी, भार बघून.

गाडी उंच व्हावी म्हणून टायर मोठे करण्याचा मोहही समजून घ्या. व्यास २६ नं वाढला तरी गाडीचं पोट त्याच्या निम्म्यानं, १३ मिमीनंच उचललं जातं. बोटाच्या जाडीएवढं. पाच माणसं बसल्यावर स्प्रिंग त्याहून कितीतरी जास्त दबते. माझं पोट घासणं थांबलं ते मागचे थकलेले शॉकअप आणि स्प्रिंग बदलल्यावर.

मीटर, ॲव्हरेज आणि पिकअप

मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. मीटर फेरे मोजतो. १८५/६५ आर १५ चे किलोमीटरला साधारण ५१२ फेरे होतात, २०५/६५ आर १५ चे ४९२. त्यामुळं मीटरवर १०० दिसताना गाडी १०४ नं चाललेली असते. कंपन्या मीटर मुळात थोडा जास्त दाखवेल असा लावतात, तो सांभाळून घेण्याचा भाग यात संपून जातो. मीटर काटेकोर असेल तर ११६ दिसत असतानाच तुम्ही १२० ची मर्यादा ओलांडलेली असते.

"मोठे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडलं" ही तक्रार नेहमीची. तिच्यातला काही भाग खरा आहे: चाक जड होतं, रुंद टायर रस्त्याला जास्त घासतो. काही भाग मात्र मीटरचा. मीटरवर ५०० किमी झाले आणि २५ लिटर पेट्रोल लागलं, तर आपण २० चं ॲव्हरेज म्हणतो. प्रत्यक्षात गाडी ५२१ किमी गेलेली असते, म्हणजे २०.८. ताडताना आधी किलोमीटर दुरुस्त करा.

पिकअपचं ट्रॅक्टरवाल्यांना सांगावं लागत नाही. मागचं चाक मोठं केलं की प्रत्येक गिअर लांबतो. कन्नडच्या घाटात जिथं तिसऱ्यात गाडी चढत होती तिथं दुसरा टाकावा लागतो. लहान चाक केलं तर उलट: पिकअप बरा, पण महामार्गावर इंजिन जास्त फिरतं, आणि पोट आणखी खाली येतं.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हीच भूमिका मांडली. टॅक्सी, मालवाहू अशा परिवहन वाहनांच्या नोंदणी अर्जात तर टायरची संख्या आणि माप लिहावं लागतं. म्हणून सुरक्षित वाट एकच: तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीनं जे माप दिलं आहे, ते घ्या. अपघात झाला तर सर्व्हेअर टायर पाहतो. मापाबाहेरचा टायर असेल तर दाव्यात वाद घालायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा.

टायर घासून नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी उरली की कारसाठी तो नियमानं बाद होतो. नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की वेळ झाली. साईडवॉलवर त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी खूण त्यांची जागा दाखवते.

दुकानात

माप, भार, वेगाचं अक्षर हे चिठ्ठीवर लिहून न्या. तोंडी सांगू नका. गर्दीच्या दिवशी एकशे पंच्याऐंशीचं एकशे पंच्याण्णव व्हायला वेळ लागत नाही. टायर रिमवर चढवण्याआधी स्वतः वाचा. आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६३३ हा क्रमांक पाहा. डीओटीनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. चारही टायरवर ते वाचा. एक ताजा आणि एक तीन वर्षं पडून राहिलेला, अशी जोडी नको.

दोनच टायर घ्यायचे असतील तर एका एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही सारखे, त्याच मापाचे, त्याच नक्षीचे. नवे मागं बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं फार कठीण. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला मात्र चारही टायर एकाच वेळी, एकाच मापाचे हवेत.

नवं वॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या तिन्हींचे पैसे वाचवू नका. हवा स्टिकरवर पाहून, सकाळी टायर थंड असताना. साधारण दर पाच-सहा अंशांना दाब १ पीएसआयनं वाढतो. म्हणून दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली तरी ती सोडायची नाही. माप बदललं असेल आणि स्टिकरवर ते नसेल तर टायर कंपनीच्या कोष्टकातून दाब विचारून घ्या.

स्टेपनी

हिला सगळे विसरतात. चार टायर नवे झाले आणि डिकीत जुन्या मापाचा पाचवा पडून राहिला, तर तो पुढच्या पंक्चरला एका एक्सलवर दोन वेगळे व्यास आणेल. व्यासातला फरक एक टक्क्याच्या आत असेल तर पंक्चरवाल्यापर्यंत, सावकाश, तेवढ्यापुरतं चालेल. काही गाड्यांत कंपनीच वर १५ इंच आणि स्टेपनी १४ इंच देते, पण तिथं व्यास जुळवलेला असतो. माझ्या गाडीत २०५ बसवले तेव्हा स्टेपनी १८५ चीच होती, ४ टक्के लहान. घाटात तीच लावायचा विचार मनात आला होता. तसं केलं असतं तर मागची दोन चाकं सबंध रस्ता वेगवेगळ्या उंचीवर चालली असती.

बसवल्यानंतर रिकाम्या मैदानात स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून सावकाश आठचा आकडा काढा. मग माणसं बसवून गतिरोधकावरून न्या. कान चाकांकडं ठेवा. ५० ते १०० किमी झाल्यावर नट पुन्हा आवळून घ्या, अलॉय असतील तर नक्कीच. आठवड्यानं चारही टायरचे आतले खांदे हातानं चाचपून पाहा. घासत असेल तर रबर तिथं गुळगुळीत आणि किंचित तापलेलं लागतं.

लग्नाहून परतल्यावर मी ते चारही २०५ तोट्यात विकले आणि १८५/६५ आर १५, ८८ एच पुन्हा बसवले. हिशेबाचं ते पान अजून गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात आहे. मागच्या महिन्यात साडूंनी त्यांच्या गाडीसाठी मापं विचारली, तेव्हा त्याच पानाच्या मागच्या बाजूला त्यांचेही आकडे मांडले. त्यांची गाडी १६५/८० आर १४ ची, आणि दुकानात १७५/७० आर १४ सुचवला होता. व्यास ६००.६, म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त लहान. साडूंनी फोनवर दुकानदाराला तो आकडा वाचून दाखवला आणि १६५ चेच मागवले.